खुळखुळ्या साप

पाळण्यातील बाळाच्या हातात खुळखुळा देतात. त्याच्या पोकळ गोळ्यात बारीक खडे किंवा मणी असतात. हात हलला की ते आपटतात आणि त्या आवाजाने बाळ हरखून जाते. निसर्गाने असाच एक खुळखुळा एका सापाच्या शेपटीला बांधून दिला आहे. त्याचा आवाज ऐकून मात्र कोणी हरखत नाही. घोडा जागच्या जागी थबकतो, कुत्रा मागे सरतो आणि रानवाटेने चाललेल्या माणसाचे उचललेले पाऊल उचललेलेच राहते. या सापाला इंग्रजीत रॅटलस्नेक म्हणतात. मराठीत त्याला खुळखुळ्या साप असे म्हणतात.

हा साप आपल्या देशातील नव्हे. आशिया, आफ्रिका, युरोप व ऑस्ट्रेलिया यांपैकी एकाही खंडात तो रानात आढळत नाही. त्याचे घर अमेरिका. कॅनडाच्या दक्षिण भागापासून खाली अर्जेंटिनापर्यंत त्याच्या तीसहून अधिक जाती पसरलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक जाती मेक्सिकोत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील कोरड्या, खडकाळ प्रदेशात राहतात. काही जाती घनदाट अरण्यांत, काही गवताळ मैदानांत, तर एक जात तापलेल्या वाळूत राहते. ही वाळवंटी जात अंग तिरपे टाकीत अशी सरकते, की तिच्या वाटेवर वाळूत एकमेकींना न जोडलेल्या तिरकस रेघांची रांग उमटते. या कुळातील सर्वांत मोठा साप आग्नेय भागातील फ्लॉरिडा, जॉर्जिया या राज्यांत आढळतो. त्याच्या पाठीवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी असते आणि त्याची लांबी क्वचित अडीच मीटरांच्या जवळपास जाते. सर्वांत लहान जाती जेमतेम हातभर लांबीच्या असतात.

बाळाच्या खुळखुळ्यात आणि सापाच्या खुळखुळ्यात एक मोठा भेद आहे. सापाच्या खुळखुळ्यात खडे नसतात, मणी नसतात, काहीच नसते. आपली नखे ज्या द्रव्याची बनलेली असतात, त्याच द्रव्याच्या पोकळ कड्या शेपटीच्या टोकाला एकीत एक अडकविलेल्या असतात. त्या सैल असतात, पण सुटून पडत नाहीत. शेपटी हलली की कडीवर कडी आपटते आणि आवाज निघतो. नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या शेपटीला केवळ एक छोटी गाठ असते. एका गाठीने आवाज होत नाही, कारण टाळी एका हाताने वाजत नाही. पुढे साप कात टाकतो, तेव्हा बाकीची कात निघून जाते, पण शेपटीच्या टोकावरील टोपण मागे राहते आणि त्याच्या आत नवी कडी तयार झालेली असते. अशा रीतीने दर कातीगणिक एक कडी वाढते.

यावरून लोकांचा असा समज झाला, की कड्या मोजल्या की सापाचे वय कळते. गाईच्या शिंगांवरील वलयांसारखा हा हिशेब सोपा वाटतो, पण तो चुकीचा आहे. भरपूर अन्न मिळाले तर तरुण साप वर्षातून दोन-तीन वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा कात टाकतो. उपासमारीच्या वर्षी एकदाच टाकतो. शिवाय खडकांतून व काटेरी झुडपांतून फिरताना टोकाच्या जुन्या कड्या झिजून तुटतात. म्हणून म्हाताऱ्या सापाच्या शेपटीला पाचच कड्या आणि तरुणाच्या शेपटीला आठ, असेही दिसते. असे अनेक समज तपासून पाहणारा एक मोठा अभ्यासक कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे होऊन गेला. त्याचे नाव लॉरेन्स क्लॉबर. तो शिक्षणाने विद्युत् अभियंता होता आणि वीज पुरविणाऱ्या एका कंपनीत मोठ्या अधिकारावर पोहोचला होता. परंतु फावल्या वेळात त्याने हजारो साप मोजले, तपासले आणि १९५६ साली केवळ खुळखुळ्या सापांवर दोन खंडांचा, सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पोटासाठी एक काम आणि जिज्ञासेसाठी दुसरे, असा हा माणूस होता.

खुळखुळा वाजतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. सापाच्या शेपटीच्या मुळाशी काही विशेष स्नायू असतात. उबदार दिवशी ते शेपटी सेकंदाला पन्नासांहून अधिक वेळा, कधी कधी नव्वदच्या आसपास हलवितात. आपल्या डोळ्यांना शेपटीच्या जागी केवळ धूसर पंखा दिसतो आणि कानांना सुटे ठोके ऐकू न येता सलग सळसळाट ऐकू येतो. इतक्या वेगाने आपला हात आपण एक सेकंदही हलवू शकणार नाही; हा साप मात्र न थकता फार वेळ शेपटी वाजवू शकतो. थंडीत वेग मंदावतो, कारण सापाचे शरीर भोवतालच्या हवेइतकेच ऊबदार किंवा थंड असते. गमतीची गोष्ट अशी, की हा सारा गजर ज्याचा, त्यालाच तो बहुधा ऐकू येत नाही. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतील कंप आणि खालच्या पट्टीतील आवाज त्याला जाणवतात, पण खुळखुळ्याचा आवाज त्याहून बराच वरच्या पट्टीत असतो. बोलणारा बहिरा आणि ऐकणारे इतर सारे, असा हा प्रकार आहे.

२०२१ साली ऑस्ट्रिया व जर्मनीतील संशोधकांनी या आवाजाविषयी एक नवीच गोष्ट उघडकीस आणली. कोणी दुरून जवळ येऊ लागला, की साप प्रथम सावकाश वाजवितो आणि अंतर कमी होईल तसतसा वेग वाढवीत नेतो. सेकंदाला सुमारे चाळीस ठोक्यांपर्यंत वेग पोहोचला, की तो एकाएकी उसळी मारून साठ ते शंभराच्या घरात जातो. हे ऐकून माणसाला काय वाटते, हे पाहण्यासाठी त्यांनी काही जणांना यंत्राच्या साहाय्याने दिसणाऱ्या आभासी कुरणातून चालविले आणि साप एक मीटरवर आला असे वाटताच खूण करण्यास सांगितले. आवाजाने उसळी घेताच लोकांनी खूण केली; प्रत्यक्षात साप त्याहून बराच दूर होता. म्हणजे साप जवळ नसतानाच तो जवळ आहे, असे हा आवाज भासवितो. ऐकणारा वेळेपूर्वीच थबकतो आणि मधल्या चार पावलांत दोघांचाही जीव वाचतो.

दोघांचाही, असे म्हणण्याचे कारण आहे. विष हे सापाचे भक्ष्य मिळविण्याचे साधन आहे. ते तयार होण्यास वेळ लागतो. जो प्राणी गिळता येणार नाही, त्याच्यावर ते खर्च करण्यात सापाचा तोटाच असतो. शिवाय रानरेड्यासारखा अवजड बायसन किंवा हरिण अंगावर पाय देऊन गेले, तर विष असूनही सापाच्या कण्याचा चुरा होतो. तेव्हा न लढताच संकट टळेल तर बरे. प्रथम तर तो गप्प राहतो. त्याचा रंग पालापाचोळ्यात व दगडांत असा मिसळून जातो, की माणसे हातभर अंतरावरून निघून जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. लपणे साधले नाही, म्हणजे तो वाजवितो. तरीही कोणी हटला नाही, तरच तो दंश करतो.

शेपटी हलविण्याची सवय खुळखुळ्यापेक्षा जुनी असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. खुळखुळा नसलेले कितीतरी साप भिवविले असता शेपटी थरथरवितात आणि सुका पाला हाताशी असला तर त्याचा आवाज करतात. आवाजाने बजावणारे साप आपल्याकडेही आहेत. कोकणातील फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांवर घाशीत करवतीसारखा खरखराट करते. घोणस अंग फुगवून मोठ्याने फूत्कार टाकते. साधने निरनिराळी, पण सांगणे एकच, की दूर राहा. याउलट मेक्सिकोजवळील कॅलिफोर्नियाच्या आखातात सांता कातालिना नावाचे एक बेट आहे. तेथील खुळखुळ्या सापाला खुळखुळाच नाही! कात टाकताना त्याची कडी टिकून न राहता गळून पडते.

या सापाचे दुसरे आश्चर्य त्याच्या चेहऱ्यावर आहे. डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो. पाहणाऱ्याला ती नाकपुडीच वाटते. त्या खळग्यात कागदाहूनही पातळ असा पडदा ताणून बसविलेला असतो आणि त्यावर मज्जातंतूंचे दाट जाळे असते. हा खळगा कशासाठी असावा, याविषयी अनेक तर्क झाले. १९३७ साली अमेरिकेतील नोबल व श्मिट या दोन शास्त्रज्ञांनी सापांचे डोळे झाकून त्यांच्यासमोर कापडात गुंडाळलेले विजेचे दिवे धरले. त्यांतील काही ऊबदार होते, काही थंड. साप ऊबदार दिव्यांवरच झेपावले. पुढे सूक्ष्म मोजमापे झाली, तेव्हा असे दिसून आले, की या पडद्याला एका अंशाच्या काही सहस्रांश भागाइतका तापमानातील फरक जाणवतो. अमावास्येच्या रात्री दगडाआडून निघालेला उंदीर आपल्याला दिसणार नाही. या सापाला मात्र थंड दगडांच्या पार्श्वभूमीवर एक ऊबदार ठिपका सरकताना जाणवतो. असे खळगे सह्याद्रीच्या रानांत झाडाझुडपांवर राहणाऱ्या हिरव्या चापड्यालाही असतात. चापडा आणि खुळखुळ्या यांच्यामध्ये समुद्र पसरला असला, तरी ते एकाच घराण्यातील भाऊबंद आहेत.

शिकार करताना मात्र खुळखुळा अगदी मुका असतो. अरण्यातील साप पडलेल्या झाडाच्या ओंडक्याशी वेटोळे घालून, हनुवटी ओंडक्यावर टेकवून तासन् तास वाट पाहतो; कारण उंदीर, खारी वगैरे प्राणी अशा ओंडक्यावरून धावतात, हे त्याला ठाऊक असते. भक्ष्य टप्प्यात येताच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दंश होतो. त्याचे लांब, पोकळ विषदंत एरव्ही चाकूच्या पात्याप्रमाणे तोंडात मिटलेले असतात. जबडा उघडताच ते पुढे येतात. उंदराला चावून साप लगेच सोडून देतो, नाहीतर मरता मरता उंदीर त्याचाच डोळा फोडावयाचा. उंदीर काही अंतर पळतो व कोसळतो. मग साप सावकाश जीभ लवलवीत, दंश झालेल्या त्याच उंदराचा वास काढीत त्याच्यापर्यंत जातो आणि डोक्याकडून त्याला गिळतो. एक पोटभर जेवण त्याला कित्येक दिवस पुरते. पाण्याच्या बाबतीतही तो असाच काटकसरी आहे. कोरड्या प्रदेशात पाऊस आला, की तो सपाट वेटोळे घालून बसतो आणि स्वतःच्या अंगावर साचलेले थेंब पितो.

भक्ष्यही काही स्वस्थ बसलेले नाही. कॅलिफोर्नियात जमिनीत बिळे करून राहणारी एक खार आहे. मोठ्या खारीच्या रक्तात या सापाचे विष बऱ्याच अंशी निष्प्रभ करण्याची शक्ती असते. पिलांमध्ये मात्र ती पुरेशी नसते. म्हणून साप दिसला की आई त्याच्यासमोर उभी राहून शेपटी जोरजोराने हलविते. २००७ साली शास्त्रज्ञांना असे आढळले, की त्या वेळी ती शेपटीत अधिक रक्त खेळवून शेपटी गरमही करते. सापाच्या खळग्यांना ती ऊब जाणवते आणि तो बिचकून सावध होतो. उष्णता न ओळखणारा दुसरा साप समोर असला, तर हीच खार शेपटी हलविते, पण गरम करीत नाही. कोणत्या शत्रूला कोणती भाषा कळते, हे तिला बरोबर समजते. तेथेच बिळात राहणारे एक छोटे घुबड आहे. कोणी बिळात डोकावू लागले, की ते आतून खुळखुळ्या सापासारखा आवाज काढते आणि मोठमोठे प्राणी माघारी फिरतात. इतक्या उपायांनंतरही या सापाला खाणारे आहेतच. त्यांत राजसाप म्हणून ओळखला जाणारा एक बिनविषारी साप आहे. खुळखुळ्याचे विष त्याला फारसे बाधत नाही.

पूर्व अमेरिकेतील डोंगराळ अरण्यांत राहणाऱ्या जातीचे जीवन विशेष अभ्यासले गेले आहे. लिनिअसने १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा लॅटिन भाषेतील ‘भयंकर’ या अर्थाचा शब्द योजला. परंतु तिच्या घरात डोकावले तर भयंकर असे थोडेच दिसते. उत्तरेकडे हिवाळा कडक असतो. शरद ऋतूत हे साप डोंगरउतारावरील खडकांच्या खोल कपारींत जमतात आणि वर्षातील निम्म्याहून अधिक काळ तेथे निपचित पडून राहतात. दरवर्षी प्रत्येक साप आपल्याच कपारीकडे परततो. अशी एखादी कपार पिढ्यान्पिढ्या वापरात असते. हे साप अंडी घालीत नाहीत; पिले जिवंतच जन्मतात. गाभण माद्या उन्हाळाभर उघड्या, ऊन लागणाऱ्या खडकांवर एकत्र राहतात आणि त्या काळात फारसे खातही नाहीत. पिले जन्मल्यावर आई सुमारे आठ-दहा दिवस, त्यांची पहिली कात पडेपर्यंत, त्यांच्याजवळ थांबते. मग ती निघून जाते. पहिला हिवाळा जवळ आला, की आपली कपार कोठे आहे हे पिलांना कोणी दाखवीत नाही. मोठे साप ज्या वाटेने गेले, त्या वाटेचा वास घेत ती तेथे पोहोचतात.

या जातीची मादी साधारणपणे नऊ-दहा वर्षांची झाल्यावर प्रथम विते, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांतून एकदाच. एका वेळी आठ-दहा पिले होतात व त्यांतील बरीचशी पहिल्या वर्षीच दगावतात. साप पंचवीस-तीस वर्षे जगला, तर त्याच्या मागे दोन-तीन पिले उरतात. उंदरासारखी भराभर वाढणारी ही जात नव्हे. एक मादी मारली, तर तिची जागा भरून निघण्यास वर्षानुवर्षे लागतात.

माणसाने हे ध्यानात घेतले नाही. ॲरिझोनातील होपी लोक आपल्या एका प्राचीन विधीत जिवंत साप, त्यांत खुळखुळेही, हाती धरतात आणि विधी संपल्यावर पावसासाठी केलेली प्रार्थना पोहोचविण्यास त्यांना रानात सोडून देतात. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांचे वर्तन निराळे होते. गंमत अशी, की या सापाला त्यांनी आपले चिन्हही बनविले. इंग्लंडचे सरकार तेथील गुन्हेगार अमेरिकेतील वसाहतींत पाठवीत असे. १७५१ साली बेंजामिन फ्रँकलिन याने आपल्या वृत्तपत्रात उपरोधाने सुचविले, की या देणगीची परतफेड म्हणून आपण इंग्लंडला खुळखुळे साप पाठवावेत व ते लंडनच्या उद्यानांत सोडावेत. १७७५ साली स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी एका पिवळ्या निशाणावर वेटोळे घातलेला हा साप झळकला. त्याच वर्षी टोपणनावाने छापलेला एक लेख फ्रँकलिनचाच मानतात. हा साप आपण होऊन हल्ला करीत नाही, पण एकदा प्रसंग आला की हटतही नाही, आणि आधी सूचना दिल्यावाचून दंश करीत नाही, असे त्याचे गुण त्यात सांगितले आहेत. निशाणावर ही थोरवी, आणि रानात मात्र दिसला की ठेचावा!

कित्येक राज्यांत मारलेल्या सापामागे बक्षीस मिळे. शरद ऋतूत कपारीपाशी जाऊन थांबले, की एका दिवसात डोंगरभरचे साप हाती लागत. बायसनाच्या खुरांपासून वाचविणारा आवाज येथे उलटा पडला. लपलेला साप आपल्या खुळखुळ्यानेच आपला ठाव सांगू लागला. मेन व ऱ्होड आयलंड या राज्यांतून आणि कॅनडातून ही अरण्यातील जात पार नाहीशी झाली. टेक्सासमधील स्वीटवॉटर गावी १९५८ सालापासून खुळखुळे साप धरण्याची जत्रा भरू लागली. गुरांना धोका होतो, म्हणून ती सुरू झाली आणि साप बाहेर काढण्यासाठी बिळांत पेट्रोलची वाफ सोडण्याची रीत पडली. त्या वाफेत सापाबरोबर बिळातील इतर जीवही गुदमरतात. जॉर्जियातील क्लॅक्स्टन गावाने मात्र २०१२ पासून अशीच जत्रा बदलून साप न मारता ते दाखविण्याचा उत्सव केला.

या सापाचा दंश धोक्याचा आहे, यात संशय नाही. त्याच्या विषाने मांस सडते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्याचे तोडलेले डोकेही काही वेळ चावू शकते, म्हणून मेलेल्या सापाला हात लावणाराही फसतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्व विषारी साप मिळून दरवर्षी सात-आठ हजार माणसांना चावतात. वेळेवर प्रतिविष मिळत असल्याने मृत्यू मात्र पाचांच्या आसपास होतात. जखम कापणे, विष चोखणे हे जुने उपाय आता टाकून देण्यात आले आहेत. ताबडतोब रुग्णालय गाठणे हाच उपाय. दुसरीकडे, याच कुळातील एका बुटक्या सापाच्या विषाचा अभ्यास करून रक्ताची गुठळी रोखणारे एप्टिफिबाटाइड हे औषध बनविण्यात आले. १९९८ सालापासून ते हृदयविकाराच्या रुग्णांना दिले जाते.

न्यूयॉर्क राज्याने १९८३ साली अरण्यातील जातीला कायद्याचे संरक्षण दिले. मॅसॅच्युसेट्समध्ये केवळ पाच ठिकाणी मिळून दोनशेहूनही कमी साप उरले होते. तेथील वन्यजीव अधिकाऱ्यांनी क्वॉबिन जलाशयातील एका निर्जन बेटावर काही साप सोडण्याची योजना आखली. ती जाहीर होताच लोकांत घबराट उडाली. साप पोहून किनाऱ्याला येतील, वाटसरूंना चावतील, अशी ओरड झाली. साप पोहू शकतो हे खरे. परंतु हिवाळ्यासाठी ओळखीच्या कपारीपासून दूर गेलेला साप थंडीत जगत नाही, हे समजावून सांगूनही भीती ओसरली नाही. २०१७ साली ती योजना स्थगित झाली. मग ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहराच्या प्राणिसंग्रहालयाने निराळे काम हाती घेतले होते, तेच महत्त्वाचे ठरले. रानात जन्मलेली काही पिले तेथे आणीत, थंडीचे महिने उबेत ठेवून खाऊपिऊ घालीत आणि पहिल्या वर्षाच्या धोक्यातून निभावून जाण्याइतकी मोठी झाली, की ज्या डोंगरावरून आणली त्याच डोंगरावर नेऊन सोडीत. प्रत्येकीच्या शेपटीला तोवर दोन-तीन कड्या आलेल्या असत.